मला न सांगता पाळलेलं सुतक

मला कुणी खंबीर म्हटलं की माझं डोकं फिरतं. जळगावला परत आल्यापासून हा शब्द मला उठता-बसता ऐकावा लागतो. लग्नात, बँकेत, मैदानावर, कुठेही. आधी माझ्या पोटाकडे बघायचं, मग मान हलवायची आणि म्हणायचं, "कॅन्सर झाला, नोकरी गेली, वर भाऊ गेला. पण खंबीर हो तुम्ही." मी एकदा एकाला विचारलं, खंबीर नसतो तर नेमकं काय केलं असतं मी, ते सांगा. तो गडबडला आणि चहा घेणार का म्हणाला.

खरं म्हणजे मला खंबीर व्हायची संधीच कुणी दिली नाही. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा मी सौदीत, अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये, किमो घेऊन पलंगावर पडलो होतो. तो गेल्याचं मला दोन महिन्यांहून जास्त काळानं कळलं. बायकोला त्याच दिवशी कळलं होतं. आईला, वहिनीला, इमारतीतल्या मराठी लोकांना, ऑफिसला, झाडून सगळ्यांना माहीत होतं. एकट्या मला नव्हतं. आणि मला आधार म्हणून जे मेसेज येत होते, ते येत होते दादाच्याच फोनवरून. त्याच्या नावानं, त्याचा फोटो वर लावून. हे सांगितलं की लोक म्हणतात, "अरे, तुझ्या भल्यासाठीच ना." माझ्या भल्याचा ठेका या लोकांना कुणी दिला होता, ते मला अजून कळलेलं नाही.

दादा आणि मी बेसबॉल खेळायचो. महाराष्ट्रात हे वाक्य उच्चारलं की समोरचा हसतो आणि विचारतो, क्रिकेटमध्ये नंबर लागला नाही का? नव्हता लागला, आणि लावायचाही नव्हता. आमच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचे एक सर आले, ते कुठूनतरी बेसबॉल शिकून आले होते. ग्लोव्हज इतके कमी की क्षेत्ररक्षण बदललं की दोन्ही संघ तेच घालायचे. घामानं कायम ओले. माझा चेहऱ्यावरचा पिंजरा खिडक्यांचे ग्रिल बनवणाऱ्या एका वेल्डरनं करून दिला होता, आणि पायाला विकेटकीपरचे पॅड. दादा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. मी कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून तो झेलणारा. शाळा, कॉलेज, विद्यापीठ, राज्य. पुढे नोकरी मिळाली नाही त्यातून, पण जेवढं खेळलो तेवढं जीव तोडून खेळलो.

कॅचरचं काम नुसतं झेलायचं नसतं. पुढचा चेंडू कोणता टाकायचा, हे तो दोन मांड्यांच्या मध्ये बोटं धरून पिचरला खुणेनं सांगतो. एक बोट म्हणजे सरळ वेगाचा, दोन म्हणजे वळणारा. पिचरला पटलं तर तो मान डोलावतो, नाही पटलं तर नकार देतो, मग दुसरी खूण करायची. माझा दादा पहिल्या खुणेला आयुष्यात कधी हो म्हणाला नाही. त्याला जो हवा तोच चेंडू मी मागितला तरी आधी नकार. मग मी बाकीच्या खुणा करून पुन्हा पहिल्यावर आलो की तो मान डोलावणार, जणू काही त्यालाच सुचलं. सर डोक्याला हात लावायचे. घरातही तेच. चहा घेतोस का म्हटलं की नको, आणि दोन मिनिटांनी, टाक अर्धा कप. मुलगी बघायला गेलो तेव्हा वहिनीलासुद्धा आधी नाहीच म्हणाला होता. असा उलट्या खोपडीचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

विद्यापीठाची एक उपांत्य फेरी आम्ही हरलो ती एका चेंडूवर. दादाचा चेंडू माझ्या हातातून मागे गेला, त्यांचा धावणारा होमवर, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, पोचला, खेळ खलास. दादाचं म्हणणं, तू सोडलास. माझं म्हणणं, तू जमिनीत आपटलास, तो देवाच्या बापालाही झेलता आला नसता. हे भांडण आम्ही पुढची तीस वर्षं भांडलो. माझ्या लग्नाच्या पंगतीत भांडलो. मी सुट्टीवर आलो की विमानतळावरून घरी येईपर्यंत गाडीत भांडलो. आईनं एकदा वैतागून दोघांना जेवायला वाढायचं बंद केलं होतं.

मी पुढे इंजिनिअर होऊन खोबरजवळच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये देखभालीच्या कामाला लागलो आणि तिथेच केस पिकवले. दादानं जळगावात शेताच्या कडेची जागा सपाट करून घेतली आणि पोरांना शिकवायला सुरुवात केली. मी परत आलो की दोघांनी मिळून मैदान चालवायचं, हे ठरलेलं होतं. तेवढ्यात सौदायझेशनचा जोर वाढला. आमच्या विभागातल्या खुर्च्या एकेक करून सौदी माणसांना द्यायच्या असं ठरलं, आणि माझ्या शेजारी एक तिशीतला सौदी इंजिनिअर आणून बसवला. त्याला सगळं शिकवायचं आणि मग आपण उठायचं. पोरगा हुशार होता, नम्र होता, पण मला त्याचा राग यायचा. आपल्याच हातानं आपली खुर्ची पुसून द्यायची म्हटल्यावर कुणाला प्रेम येईल?

त्या धावपळीत पोट दुखायला लागलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन तिथेच झालं, छातीखालून बेंबीच्या खालपर्यंत टाके पडले, आणि किमो सुरू झाली. तिचा एक विचित्र त्रास असा, की बोटांना थंड लागलं की वीज खेळल्यासारख्या झिणझिण्या. आणि खोबरमध्ये थंड नाही असं काय असतं? दाराची कडी एसीनं गार, स्टीलचा पेला गार, फ्रीज तर उघडायचाच नाही. मी घरात लोकरीचे हातमोजे घालून वावरत होतो, आणि बाहेर समुद्रकाठच्या कॉर्निशवर लोक उन्हानं भाजून निघत होते.

आईला सांगायचं नाही, हे दादानं आणि मी मिळून ठरवलं. तिचं वय, तिचं बीपी. शुक्रवारी तिचा फोन आला की मी म्हणायचो, काम फार आहे, म्हणून आवाज बसलाय.

मी दादाला सुचवलं होतं, की कंपनीचा विमा आहे तोवर उपचार इथेच पूर्ण करतो आणि मग फायनल एक्झिट घेऊन कायमचा येतो. दादा नेहमीप्रमाणे नाहीच म्हणाला. फोनवर कडाडला, "तिथे काय करतोस एकटा मरत? इथे डॉक्टर नाहीत? मी आहे ना. ये गुमान." आठवडाभर भांडलो. शेवटी मी हरलो. खरं सांगायचं तर मला हरायचंच होतं. मला घरी जायचं होतं. दादासमोर बसायचं होतं, आणि त्यानं मला शिव्या घालत दवाखान्यात न्यायचं होतं. बाकी कशानं मला धीर येणार नव्हता. मी त्याला म्हटलं, पुढची किमो झाली की येतो. "हं," म्हणाला आणि फोन ठेवला. तेच आमचं शेवटचं बोलणं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत तो सकाळी मैदान झाडत असताना छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही.

मला काय कळलं? मला कळलं की दादाच्या घशात गाठ निघाली, साधीच होती, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. ही कल्पना आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची. मूळचे पुण्याचे, आमच्याच कंपनीत, आणि खोबरमधल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. गणपतीत नाटुकली बसवायची त्यांना भारी हौस. त्या वर्षी त्यांनी माझं नाटुकलं बसवलं.

मग दादाचा मेसेज आला. "तू म्हणत होतास तेच बरोबर. घाई करू नको. तिथेच सगळं पूर्ण कर आणि मग ये." मी तो चारदा वाचला. मला वाईट वाटलं. वाटलं, आजारी भावाची ब्याद नको झाली असेल. पण हट्ट कुणाशी करणार, त्याला तर बोलायचीच बंदी. मी तिकीट बघायचं सोडून दिलं.

त्याच सुमारास घरात गणपती आला नाही. सौदीत उघड पूजा चालत नाही, तरी दरवर्षी आम्ही कपाटात, दारं लोटून का होईना, वीतभर मूर्ती बसवायचो. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या पांढऱ्या पेशी किती खाली आल्यात. माणसं येणार, हात लावणार. यंदा नको." मला पटलं. कपाटातल्या देवांपुढे दिवा लागेना. म्हणाली, तेलाच्या वासानं तुम्हाला मळमळतं. तेही पटलं. अध्यक्षांच्या घरून आरतीचा प्रसाद दरवर्षी येतो, तो आला नाही. मी म्हटलं, बरं झालं, गोड नकोच होतं.

आणि एका सकाळी अध्यक्ष खालच्या सलूनमधल्या मलबारी न्हाव्याला घेऊन वर आले. बायको म्हणाली, "केस गळून घरभर होतायत. उशीवर, ताटात. काढूनच टाका ना एकदा." गळत होते थोडे, खोटं नाही. पण इतके काही गळत नव्हते. मी कुरकुरलो. अध्यक्ष म्हणाले, "अहो, किमोत सगळेच काढतात. मोकळं वाटेल." मला बाल्कनीत खुर्चीवर बसवलं आणि त्या मलबाऱ्यानं वस्तऱ्यानं डोकं गुळगुळीत केलं. बायकोनं मला गरम पाण्यानं डोक्यावरून अंघोळ घातली, स्वतः, लहान मुलाला घालतात तशी. घालताना ती रडत होती. मला वाटलं, माझं टक्कल बघून रडतेय. मीच तिला म्हटलं, येतील गं परत, केसच आहेत.

आईचे फोन येत होते. दर शुक्रवारी, ठरल्या वेळेला. यंदा वांगी चांगली आली नाहीत, त्यामुळे भरताला चव नाही. मागच्या गल्लीत कुणाच्या तरी सुनेला जुळं झालं. मी विचारायचो, दादा कसाय? "आहे. त्याला काय धाड भरलीय," म्हणायची. मी म्हणायचो, मी मजेत आहे. अशी आमची शुक्रवारची मैफल.

आणि रोज कुणी ना कुणी मंडळी यायची. डब्यांची पाळी लावली होती त्यांनी. हॉलमध्ये बसायची, पोहे खायची, "पॉझिटिव्ह राहायचं" म्हणायची, आणि एकमेकांकडे बघायची. ते बघणं मला दिसत होतं. मला वाटत होतं, माझे रिपोर्ट वाईट आलेत आणि मला सांगत नाहीयेत. म्हणजे विचार करा, ज्यांनी मला धीर द्यायला ही सगळी खटपट केली, त्यांच्यामुळे मी रोज स्वतःच्या मरणाची तयारी करत होतो.

एकच माणूस यायचा बंद झाला, तो माझा सौदी शिष्य. आधी दर आठवड्याला खजुराचा डबा घेऊन यायचा, ऑफिसातल्या अडचणी विचारायचा. एकदम गायब. मी बायकोला म्हटलं, बघ, खुर्ची मिळाली, उस्तादाची गरज संपली.

संशय आला तो दादाच्याच मेसेजमुळे. मी काहीही लिहिलं की उत्तर यायचं, हो. बरोबर आहे. तू म्हणशील तसं. आधी वाटलं, ऑपरेशननं नरम पडला असेल. पण दादा कशानंही नरम पडणारा प्राणी नव्हता. मी वर्षानुवर्षं त्याच्या समोर उकिडवा बसून त्याचे नकार झेलले होते. तो नको म्हणणार आणि मग हो म्हणणार, हे मला श्वासाइतकं पाठ होतं. हा जो कोण होता, तो पहिल्या खुणेलाच मान डोलावत होता.

मी एके दुपारी लिहिलं, दादा, मैदानाची जागा विकून टाकू, मला आता काही झेपायचं नाही. मला वाटलं, घशाची बंदी मोडून हा माणूस फोन करील आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करील. उत्तर आलं, "तुझ्या मनाला येईल तसं कर. तब्येत महत्त्वाची."

मी हातमोजे काढले आणि लिहिलं, दादा, त्या उपांत्य फेरीत चेंडू तू जमिनीत आपटला होतास. चूक तुझी होती.

मग आलं, "हो रे. माझीच चूक होती. विसर ते आता."

तीस वर्षं जे वाक्य ऐकायला मी तडफडलो होतो ते समोर होतं, आणि ते वाचून मला कळलं की माझा भाऊ या जगात नाही. जिवंत असता तर त्यानं ते कधीच, कधीच लिहिलं नसतं.

बायको स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी दारात उभा राहून विचारलं, "दादा कधी गेला?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि कणकेचे हात तसेच धरून खाली बसली. म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच," मी म्हटलं. "मेसेज कोण लिहितंय?"

"वहिनी."

कधी, कसा, कुठे, सगळं तिनं सांगितलं. मी ऐकलं. मग मी ओरडलो. टाके दुखेपर्यंत ओरडलो. इमारतीतल्या लोकांनी ऐकलं असेल, ऐकू दे. मी म्हटलं, "माझा भाऊ होता तो! मी ठरवलं असतं जायचं की नाही ते. मी!"

"म्हणूनच," ती म्हणाली. तीही आता चिडली होती. "तुम्ही उठला असतात आणि विमानात जाऊन बसला असतात. मी ओळखत नाही तुम्हाला? पेशी इतक्या खाली होत्या, डॉक्टर म्हणाले होते, साधा ताप आला तरी हाताबाहेर जाईल. तिकडे शे-दोनशे माणसं गळ्यात पडली असती. मग मी कुणाला विचारायचं होतं, तुम्हाला?"

"हो! मलाच!"

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुमचं सगळं केलंय पण. राहू दिलं नाही काही."

मला कळेना, काय केलं. तिनं सांगितलं. गणपती बसवला नाही तो सुतकामुळे. दिवा लावला नाही तो सुतकामुळे. प्रसाद आला नाही तो त्यामुळेच. आणि तो न्हावी आला तो दहावा दिवस होता. आमच्याकडे थोरला भाऊ गेला की धाकटे डोकं करतात. तिकडे जळगावात पुतण्या नदीवर पिंड ठेवत होता त्या वेळी इकडे बाल्कनीत माझं डोकं होत होतं. वेळ जुळवून. ते डोक्यावरून घातलेलं पाणी सुतकाचं होतं.

मी डोक्यावरून हात फिरवला. बारीक केस परत आले होते. मला आजवर इतका राग कुणाचाही आला नव्हता. मरण लपवलं ते लपवलं, वर त्याचं सुतक माझ्याच घरात, माझ्याच अंगावर पाळलं, आणि मी मधे बसून तिला म्हणत होतो, केसच आहेत, येतील परत. लपवायचं होतं तर पूर्ण लपवायचं! पण नाही, देवाला फसवायची हिंमत नव्हती कुणाची. देवाला सगळं खरं सांगितलं होतं, फसवलं होतं मला एकट्याला. मी दादासाठी डोकं केलं असतं. स्वतः बसलो असतो त्या खुर्चीवर, त्याचं नाव घेऊन, रडून. ते रडणं माझं होतं आणि बायको ते माझ्या पाठीमागे उभी राहून रडून घेऊन बसली.

संध्याकाळी अध्यक्ष आले, चेहरा लांब करून. "तुम्ही फार खंबीरपणे घेतलंत," म्हणाले. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा. मी त्यांना म्हटलं, घशाची गाठ चांगली सुचली हो तुम्हाला, पुढच्या गणपतीत वापरा. आणि चालते व्हा. बायकोनं मध्ये पडायचा प्रयत्न केला. मी तिलाही म्हटलं, तू गप्प बस. तो माणूस माझ्या घरून पहिल्यांदाच काही न खाता गेला.

दुसऱ्या दिवशी सौदी शिष्य आला. मला कळल्याचं ऑफिसात पोचलं होतं. त्यानं बूट काढले, माझ्याजवळ आला, माझा खांदा धरला आणि म्हणाला, "अज्जम अल्लाह अज्रक." त्यांच्याकडे मयताच्या घरी असंच म्हणतात, देव तुला या दुःखाचं मोठं फळ देवो. मग हिंदी-इंग्रजीची खिचडी करून सांगायला लागला. "उस्ताद, हमारे यहाँ आदमी जाता है तो उसी दिन दफन, उसी दिन सबको खबर. आपके लोग बोले, बोलना नहीं. मैं झूठा मुँह लेके कैसे आता? इसलिए नहीं आया." त्यानं घरून थर्मासमध्ये कहवा, त्यांची बिनदुधाची कॉफी, आणला होता. स्वतःच्या हातानं ओतला आणि बसून राहिला. पॉझिटिव्ह राहा वगैरे काही म्हणाला नाही. माझी खुर्ची घेणारा माणूस, आणि भाऊ गेल्यावर माझ्याजवळ त्या कारणासाठी बसलेला तो पहिला माणूस. मी त्याच्यासमोर रडलो. त्याचा राग मी त्या दिवशी सोडला, कारण मला राग पुरवून वापरायचा होता.

उरलेली किमो घेतली. निमूट घेतली म्हणतात लोक. निमूट कसली, दात-ओठ खात घेतली. बायकोशी मी कामापुरतं बोलत होतो. मग फायनल एक्झिटचा शिक्का बसला आणि आम्ही सामान बांधलं. मैदान आता मी चालवतो. तेही लोकांना खंबीरपणाचं लक्षण वाटतं. जागेवर काटेरी गवत माजलं असतं तर मला सहन झालं नसतं, एवढंच त्याचं कारण आहे.

पण मला सांगायचंय ते घरी पोचलो त्या दिवसाचं. विमानात सगळा वेळ मी आईला काय बोलायचं ते ठरवत होतो. बायको परकी, वहिनी परकी, शेजारी तर शेजारीच. पण आई? पोटचा पोरगा गेला आणि ती मला फोनवर वांग्यांचं सांगत होती? तेराव्यालासुद्धा? इतकं नाटक तिला जमलं कसं? ही माझी आई आहे की कोण? मी एकेक वाक्य घासून ठेवलं होतं.

दुपार होती. आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. दादाचा फोटो भिंतीवर होता, हार घातलेला. मी फोटोकडे बघितलं नाही. आईच्या पाया पडलो नाही. उभ्यानंच म्हटलं, "आई, तूसुद्धा?"

तिनं वर बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे. "किती बारीक झालास रे," म्हणाली. "टाके भरले का?"

"मी काय विचारतोय?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "सकाळी तो गेला," ती म्हणाली. "अंगणात ठेवला होता त्याला. मी म्हटलं, धाकट्याला फोन लावा, तो आल्याशिवाय हलवायचं नाही. तर तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं, त्याला यायला जमायचं नाही, त्याला असं असं झालंय, पोट फाडलंय. तोवर मला तुझं कुणी सांगितलं होतं? तुम्ही दोघांनीच ठरवलं होतंत ना, म्हातारीला सांगायचं नाही? मग? एक समोर आडवा, आणि दुसऱ्याचं तिथे उभ्या उभ्या ऐकलं मी."

मला हे माहीत नव्हतं. कुणीच मला हे सांगितलं नव्हतं. माझी घासून ठेवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

"मीच म्हटलं मग, त्याला सांगू नका," आई म्हणाली. "तुझ्या बायकोला बोल लावू नको. तिला, वहिनीला, सगळ्यांना मी शपथ घातली. फोन करताना मी पदर तोंडात कोंबून बसायचे, आणि तू तिकडून सांगायचास, मी मजेत आहे."

"पण मला विचारायला हवं होतं, आई."

"हवं होतं."

"मला फार राग आलाय तुझा. तो जायचा नाही."

"रागव की," ती म्हणाली. "रागवायला आहेस तरी."

तिनं जुडी पुन्हा हातात घेतली आणि निवडायला लागली. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि निवडू लागलो.